बुद्धीचं गणित, निम्मं बरोबर
मा. संपादक साहेब,
बुद्धीपुढे काहीच अशक्य नाही असं एका वाचकानं लिहिलंय, मला अर्धंच पटलं. लव्हेरिये नावाच्या फ्रेंच माणसानं युरेनस वाकडा का चालतो याचं नुसतं कागदावर गणित मांडलं, म्हणाला पलीकडचा एक न दिसलेला ग्रह त्याला ओढतोय, त्याची जागाही सांगितली, आणि 1846 मधे बर्लिनला दुर्बीण लावली तर सांगितल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला, डोकं असावं तर असं! पण बुधाची चालही जराशी चुकते म्हणून याच भल्या माणसानं तीच ट्रिक परत लावली, म्हणाला सूर्याजवळ अजून एक ग्रह असणार, नाव पण ठेवून झालं, व्हल्कन. लोकं वर्षानुवर्षं शोधत बसले. ग्रह नव्हताच, 1915 मधे आइन्स्टाईननं दाखवलं की गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलायला हवा.

माझं पण तेच हो, मागच्या आठवड्यात राजवाड्याजवळ स्कूटर बंद पडली, आधीच्या वेळी प्लगमधे कचरा होता म्हणून भर उन्हात प्लग काढून रुमालानं घासत बसलो, हात काळे, आणि पोहेवाला म्हणतो, "भाईसाब, पेट्रोल देखा क्या?" टाकी कोरडी ठणठणीत.

– एक वाचक, इंदूर