वाट पाहावी, पण पैसे खिशात ठेवून

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहाराच्या सदरात अलीकडे एका ज्येष्ठ वाचकांनी एक खंत मांडली होती. एका व्हिडिओ गेमच्या पुढच्या भागासाठी आजची मुले वर्षानुवर्षे दिवस मोजत बसतात, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या कळकळीविषयी मला शंका नाही. मात्र त्यांनी ज्याचा उल्लेख केला, त्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ची वाट पाहणाऱ्यांत केवळ मुले नाहीत. डिचोली तालुक्यात उच्च माध्यमिक विद्यालयात वाणिज्य शिकवणारा, चाळिशीला टेकलेला माझ्यासारखा गृहस्थही त्यांत आहे. शिवाय हा गेम मुळात अठरा वर्षांवरील खेळाडूंसाठीच आहे, याआधीच्या भागावरही युरोपीय मानांकनाचा तसा शिक्का स्पष्ट छापलेला असे. आमच्यासारखे लोक नेमकी कशाची वाट पाहतात हे त्या पत्रातून कळत नव्हते, आणि माझ्या मते खरी काळजी ज्या गोष्टीची करायला हवी तिचा त्यात उल्लेखही नव्हता, म्हणून हे पत्र.

या मालिकेतील यापूर्वीचा मुख्य भाग १७ सप्टेंबर २०१३ रोजी आला. तेव्हा माझे लग्न व्हायचे होते, आज माझी मुलगी पाचवीत शिकते. २००१ ते २००४ या चार वर्षांत याच मालिकेचे तीन मोठे भाग आले होते. पुढचा २००८ मध्ये आला, त्यानंतरचा २०१३ मध्ये, आणि आता सहाव्या भागाची जाहीर झालेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे. अंतर असे वाढत जाण्यामागे कामाचे स्वरूपच आहे. याच मालिकेतल्या २००२ च्या ‘व्हाइस सिटी’ या भागातील शहर दोन बेटांवर मावत असे, आणि नायकाला साधे पोहताही येत नसे. पाण्यात पडला की संपला. आजच्या मुक्त भटकंतीच्या गेममध्ये पाऊस, रहदारी, वाटसरू, पोलीस, जनावरे या प्रत्येकाचे वागणे वेगळ्या नियमांनी चालते आणि हे नियम पदोपदी एकमेकांत अडकतात. एका ठिकाणची चूक दुरुस्त केली की भलत्याच ठिकाणी काही बिघडते, आणि ते कोठे बिघडले हे माणसांना पुन्हा पुन्हा खेळूनच शोधावे लागते.

‘व्हाइस सिटी’शी माझी ओळख म्हापशाच्या बाजारातील एका सायबर कॅफेत झाली. मी तेव्हा अकरावीत होतो, म्हणजे वर सांगितलेला वयाचा नियम मीही मोडलेला आहे, हे येथे कबूल करतो. तासाचे पैसे तिघांत वाटून आम्ही एका खुर्चीभोवती दाटीवाटीने बसायचो. एकजण खेळायचा, दुसरा नकाशा सांभाळायचा आणि तिसऱ्याकडे चीट कोड, म्हणजे टंकले की गेममध्ये आयती मदत मिळवून देणारे गुप्त शब्द, लिहिलेली वही असायची. इंग्रजीच्या पेपरात साधे स्पेलिंग चुकवणारी मुले ‘पँझर’ हा शब्द डोळे मिटून टंकीत, कारण तो टंकला की आकाशातून पडल्यासारखा रणगाडा समोर उभा राहायचा. गेममधील काळ १९८६ चा होता. गाडीत बसले की रेडिओ सुरू होई, आणि कित्येकदा दिलेली कामगिरी बाजूला ठेवून आम्ही नुसतेच समुद्राकाठच्या रस्त्याने गाडी फिरवत असू. हे शहर मायामीवर बेतलेले होते. आमच्यापैकी कोणी मायामी पाहिलेले नव्हते, पण कळंगुट पाहिलेले होते, आणि दोहोंतले साम्य ओळखायला फार शहाणपण लागत नव्हते.

नव्या भागात ही मालिका पुन्हा त्याच शहरात परतते आहे, या वेळी भोवतीच्या संपूर्ण राज्यासह. फ्लोरिडाच्या धर्तीवर रचलेल्या या राज्याचे नाव लिओनिडा आहे. त्यात व्हाइस सिटीबरोबरच लिओनिडा कीज ही बेटांची रांग, ग्रासरिव्हर्स ही दलदल, पोर्ट गेलहॉर्न हे उतरती कळा लागलेले किनारी गाव आणि माउंट कलागा हे राष्ट्रीय उद्यान असेल, असे हा गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीनेच जाहीर केलेले आहे. ल्युसिया आणि जेसन ही गुन्हेगारीत गुंतलेली जोडी कथेच्या केंद्रस्थानी आहे. गोमंतकीय माणसाला या गेमचे कुतूहल का वाटावे, याचे माझे उत्तर या भूगोलात आहे. पर्यटकांनी मौजेसाठी वाटून घेतलेले, स्थानिकांना दिवसेंदिवस परवडेनासे होणारे आणि बाहेरच्या जगाला फक्त किनाऱ्यापुरते ठाऊक असलेले राज्य कसे असते, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पहिल्या ट्रेलरचा मोठा भाग मोबाइलवर चित्रित झालेल्या उनाडक्यांच्या नकलेत जातो. तो पाहताना मला वाळूत रुतलेल्या काळ्या पाटीच्या भाड्याच्या जीपगाड्या आणि त्यांच्याभोवती रील काढणारे लोक आठवले. त्याच ट्रेलरमध्ये एक मगर ऐटीत दुकानात शिरते आणि दुसरीला पोहण्याच्या तलावातून ओढून काढतात. आपल्याकडे कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत. तेथे पर्यटकांच्या बोटी त्या पाहायला जातात, आणि त्याच परिसरातील काही गावांत ‘मानगे थापणी’च्या दिवशी चिखलाची मगर करून तिची पूजा होते. लिओनिडातील मगरीला हे भाग्य लाभेल असे दिसत नाही. परंतु मौजेच्या प्रदेशाची थट्टा त्या प्रदेशाच्या दलदलीसकट आणि ओसाड गावांसकट कोणी करणार असेल, तर ती पाहण्याची मला उत्सुकता आहे. हिंदी चित्रपटांनी आपल्याला इतकी वर्षे फक्त किनारा आणि बाटली दाखवली.

आता तारखांविषयी, कारण चेष्टा प्रामुख्याने त्यांचीच होते. पहिल्या ट्रेलरची वेळ ५ डिसेंबर २०२३ ची ठरलेली होती. तो आधीच फुटला, त्यामुळे कंपनीने घाईने अधिकृतपणे प्रसृत केला. आपल्याकडे तेव्हा पहाट होती. चोवीस तासांत तो नऊ कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला. त्याच्या शेवटी २०२५ हे साल होते. २ मे २०२५ रोजी ते २६ मे २०२६ झाले आणि चारच दिवसांनी, बहुधा समजूत घालण्यासाठी, दुसरा ट्रेलर आला. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी ही तारीखही पुढे जाऊन १९ नोव्हेंबर २०२६ वर ठरली. दोन्ही वेळा कारण तेच सांगण्यात आले, की अपेक्षित सफाई आणण्यासाठी आणखी काही महिने हवेत. पुष्कळ चाहत्यांनी त्यावर आदळआपट केली. मला मात्र या लांबणीवर पडण्यात वाईट काही दिसत नाही. गावच्या जत्रेतल्या नाटकाची तालीम मंदिराच्या मंडपात ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना पाठांतर कच्चे असताना तिसरी घंटा वाजली की काय होते, हे ठाऊक असते.

तालमीवरून आणखी एक गोष्ट आठवते. सप्टेंबर २०२२ मध्ये या गेमच्या अर्धवट अवस्थेतील सुमारे नव्वद चित्रफिती चोरून बाहेर टाकण्यात आल्या. त्या पाहून काही शहाण्यांनी, चित्रे किती ओबडधोबड आहेत, असा गिल्ला केला. त्यावर इतर कंपन्यांतील गेम बनवणाऱ्यांनी आपापल्या गाजलेल्या गेमची कच्ची रूपे स्वतःहून लोकांपुढे ठेवली. ज्यांत भिंती राखाडी ठोकळ्यांच्या आणि माणसे बाहुल्यांसारखी होती, अशी ती दृश्ये पाहून आरडाओरड बरीच निवली. हे काम करणारी माणसे फार दूरचीही नाहीत. रॉकस्टारचा एक स्टुडिओ बेंगळुरूत आहे आणि २०१९ मध्ये तेथील ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ ही जुनी भारतीय कंपनी त्यांनी विकत घेतली. २०१८ मध्ये याच कंपनीचा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा गेम येण्याच्या तोंडावर शंभर तासांच्या कामाच्या आठवड्यांचा उल्लेख कंपनीच्याच एका संस्थापकाने मुलाखतीत केला होता, आणि ते फक्त वरिष्ठ लेखकांपुरते होते असा खुलासा करूनही टीका थांबली नव्हती. तो गेमही ठरल्यापेक्षा सुमारे वर्षभर उशिरा आला. तारीख पुढे ढकलल्याने कोणाची रात्रपाळी खरोखर कमी झाली असेल, तर माझी तक्रार नाही.

माझी तक्रार आहे ती आगाऊ पैसे भरण्याबद्दल. ज्येष्ठ वाचकांच्या पत्रात हीच बाजू सुटली होती. ‘सायबरपंक २०७७’ या दुसऱ्या कंपनीच्या गेमची घोषणा २०१२ मध्ये झाली. २०२० मध्ये त्याची तारीख तीनदा बदलली, आणि त्यांतली एक, योगायोगाने, १९ नोव्हेंबरच होती. अखेर १० डिसेंबर २०२० रोजी तो आला, तेव्हा ऐंशी लाख लोकांनी तो न पाहताच विकत घेतलेला होता. जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याच्या जुन्या यंत्रांवर, तो इतका अडखळत होता की आठवड्याभरात प्लेस्टेशन हे कन्सोल बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. जून २०२१ मध्ये तो पुन्हा विक्रीस आला. पुढे तो पुष्कळ सुधारला, हेही खरे. पण सुधारलेल्या गेमचा आस्वाद ज्यांनी थांबून घेतला त्यांना मिळाला, आणि सुधारणेचा खर्च ज्यांनी आधी पैसे मोजले त्यांनी सोसला. दुसऱ्याच्या घरचे उदाहरण कशाला? नोव्हेंबर २०२१ मध्ये याच रॉकस्टारने ‘व्हाइस सिटी’सह तीन जुने गेम नव्या रूपात आणले. ते इतके सदोष निघाले की त्याच महिन्यात कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. माझ्या सायबर कॅफेतल्या त्या शहराची ती दशा पाहून मला खरोखर वाईट वाटले.

मी वर्गात ताळेबंद शिकवतो. वस्तू देण्यापूर्वी ग्राहकाकडून आलेली रक्कम कंपनीच्या ताळेबंदात देण्यांच्या बाजूला लिहिली जाते, कारण ती अद्याप कमावलेली नसते. म्हणजे आगाऊ नोंदणी करणारा चाहता कंपनीला बिनव्याजी उधार देतो, आणि तेही मालाचा दर्जा न पाहता. पूर्वी दुकानातल्या डिस्क संपतील ही भीती असे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या, बाजारात चांगली असोली (न सोललेला नारळ) हातची जाते, तशी. डिजिटल प्रत कधी संपत नाही. उलट एकदा डाउनलोड सुरू केला की प्लेस्टेशनच्या दुकानात परतावा सहसा मिळत नाही. गेमबरोबर देऊ केलेला एखादा कपडा किंवा गाडीचा रंग यापलीकडे आगाऊ पैसे देऊन पदरात काही पडत नाही.

मडगावला राहणारा माझा भाचा नोकरीला लागून वर्ष झाले आहे. पहिल्या दिवशीच खेळता यावे म्हणून तो कन्सोलसाठी आणि गेमसाठी दरमहा पैसे बाजूला काढतो आहे. जाहीर तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या नव्या कन्सोलची आहे. संगणकावर पाचवा भाग कन्सोलनंतर दीड वर्षाहून अधिक काळाने, १४ एप्रिल २०१५ रोजी आला होता, आणि ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ साधारण वर्षभराने. भाच्याच्या घरी चांगला संगणक असूनही केवळ या प्रतीक्षेपोटी तो कन्सोल घेणार आहे. ‘मामा, तेरा वर्षं थांबलो, आता आणखी थांबवत नाही’, हे त्याचे म्हणणे मला समजते. त्याने पैसे साठवू नयेत असे मी त्याला कधीच सांगितले नाही. गेम आल्यावर दोन दिवस थांब, लोक काय म्हणतात ते वाच आणि मग दे, एवढेच सांगितले. त्यावर त्याने अद्याप होकार दिलेला नाही.

आपल्याला मात्र एक विनंती आहे. गेम येईल त्या दिवशी आपल्या दैनिकात ‘तरुणाईला वेड’ अशा मथळ्याखाली विक्रीचे आकडे छापून येतील, ते यावेत. परंतु जत्रेतील नाटकावर ज्या आस्थेने आपण परीक्षण छापता, त्याच आस्थेने, आठवडाभर गेम स्वतः खेळलेल्या कोणाकडून तरी त्याचे परीक्षण मराठीत लिहून घ्यावे. त्यात कथेविषयी, थट्टेविषयी, बिघाडांविषयी आणि वयाच्या शिक्क्याविषयीही लिहिलेले असावे. माझ्या भाच्याच्या हातात ते वेळेवर पडले तर उत्तमच. मी स्वतः ते वाचल्याशिवाय गेम घेणार नाही. तोवर आमच्या गावच्या जत्रेच्या तालमीही सुरू झालेल्या असतील, त्यामुळे रात्री खेळायला सवड मिळेल की नाही, याचीच मला शंका आहे.

आपला,
एक वाचक, डिचोली