टपालखर्च धरलास का?

चि. नंदू,

अनेक आशीर्वाद. रविवारी फोनवर झालं ते झालं. तू मध्येच फोन ठेवलास याचा राग नाही, तुझ्या जागी मीही ठेवला असता. तू उत्साहाने आकडे सांगत होतास आणि मी विचारलं, "टपालखर्च धरलास का?" तू म्हणालास, "आई, तुला दुसरं काही दिसतच नाही का?" दिसतं रे. पण फोनवर मला पहिल्यांदा नेमकं तेच सुचतं जे बोलायचं नसतं. कागदावर निदान खोडता येतं.

तुझं पुस्तक छापायला लोकांकडून आगाऊ पैसे जमवायचं ते किकस्टार्टरवरचं पेज सुरू व्हायच्या आधी तू मला त्याची लिंक पाठवलीस. चित्रं मी तीनदा पाहिली, मोठी करकरून. पान ४१ वरचा तो पाठमोरा माणूस, डावा खांदा किंचित उतरलेला, तो तू कशावरून काढलास? तसा एकही फोटो आपल्याकडे नाही. आत्याला दाखवला तर ती काही न बोलता उठून आत गेली. किती जमलाय ते यावरून समज.

व्हिडिओ मात्र एकदाच पाहिला, तोही पुरता नाही. "माझ्या बाबांनी एक मासिक काढलं होतं, पैशांअभावी ते बंद पडलं," असं तू म्हणतोस, तिथे मी तो थांबवला. चूक तुझी नाही. तुला आम्ही तेवढंच सांगितलं होतं.

मासिक नव्हतं ते, त्रैमासिक होतं. वर्षाला चार अंक, वर्गणी आगाऊ, १४३ वर्गणीदार. तुम्ही ज्यांना बॅकर म्हणता तेच. बाबा संपादक, आणि पत्ते लिहिणं, पट्ट्या चिकटवणं, तिकिटं लावणं माझ्याकडे. दोन अंक वेळेवर गेले. तिसऱ्याला बाबांनी पानं वाढवली, कुणाची तरी दीर्घकथा आली होती आणि ती कापायला त्यांचा हात धजेना. पानं वाढली तसं वजन वाढलं. वजनाचा टप्पा ओलांडला की तिकिटाचा दर बदलतो, हे छापायच्या आधी आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. अंक छापून आला, छापखान्याचे पैसे चुकते झाले आणि टपालाला काही उरलं नाही. खाटेखालचे गठ्ठे आठवतात ना? ज्यांचा तू किल्ला करायचास? ते उरलेले अंक नव्हते, नंदू. लोकांचे होते.

बाबांना माणसं आवडत नाहीत असं तुला लहानपणी वाटायचं. दार वाजलं की ते आतल्या खोलीत जायचे, रस्त्यात कोणी ओळखीचं दिसलं की पलीकडे व्हायचे. त्यांना माणसं फार आवडायची. त्यातल्या काहींचे पैसे घेतले होते, एवढंच.

पुढे दर महिन्याला पगारातून जमेल तसे चार-पाच अंक मी पाठवत गेले. अडीच वर्षं लागली. काही परत आले, "पत्ता सोडून गेले" असा शेरा मारून. एकांचं पोस्टकार्ड आलं, अंक पोचला, दीर्घकथा आवडली, चौथा कधी? ते कार्ड बाबांनी फाडलंही नाही आणि त्याला उत्तरही लिहिलं नाही. निळ्या वहीत अकरा नावांपुढे अजून खूण नाही.

हे सगळं मला लिहायचं नव्हतं. टपालाबद्दल पुन्हा बोलायचं नाही असं ठरवून बसले होते.

तुमची पद्धत आमच्यापेक्षा शहाणी आहे, हे मान्य. लक्ष्य गाठलं नाही तर कुणाच्याच खात्यातून पैसे जात नाहीत, हे तू समजावलंस तेव्हा मला खरंच हायसं वाटलं. आमच्या वेळी असं असतं तर शंभरावर थांबलो असतो आणि सुखाने झोपलो असतो. पण लक्ष्य गाठलं की मग काय? माझी भीती तिथून सुरू होते. लोक जमणार नाहीत याची मला काळजी नाही, ती चित्रं पाहून जमतीलच. जमल्यावर काय, ते सांग. किकस्टार्टर पाच टक्के कापून घेतं, पैसे वळते करण्याची फी त्यावर वेगळी, शेवटी काही जणांची कार्डं चालत नाहीत. म्हणजे पेजवर दिसणारा आकडा हातात येत नाही. त्यातून छपाई. मग पुठ्ठ्याची खोकी, कोपरे दुमडू नयेत म्हणून आतलं वेष्टन, वाटेत खराब झालेल्यांच्या बदली प्रती. कुरियरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोकं मोठं असेल तर त्याच्या आकारावरही पैसे लावतात. आणि ते "स्ट्रेच गोल", म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त पैसे आले की प्रत्येकाला आणखी एक प्रिंट, आणखी सोळा पानं! नंदू, ती सोळा पानं वाचताना माझ्या पोटात गोळा आला. बाबांनी नेमकं हेच केलं होतं.

भाषण झालं. माफ कर. तू हिशेबाचा तक्ता केला असशील, तुला माझ्यापेक्षा बरं गणित येतं. पण तो तक्ता मला दाखवला नाहीस, म्हणून विचारते.

पेजच्या टिपणात तू पुलित्झरची गोष्ट घेतली आहेस, ती मला आवडली. १८८५ साली न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्याला पैसे कमी पडले, तेव्हा त्याने आपल्या वर्तमानपत्रातून हाक दिली आणि लाखावर माणसांनी पैसे पाठवले, बहुतेकांनी एका डॉलरहूनही कमी. देणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्याने छापलं. बघ, नाव छापायला वेगळं पाकीट लागत नाही. तूही पुस्तकाच्या शेवटी सगळ्यांची नावं घाल. लहान रक्कम देणाऱ्याला तेवढं पुरेल, त्याला कीचेन कशाला? (कीचेन कोणी सुचवली? तुला नक्कीच नाही सुचली.)

मोझार्टचं तू पूर्वी कधीतरी पाठवलं होतंस, ते मी काल पुन्हा वाचलं. मार्च १७८४ मध्ये त्याने वडिलांना पत्र लिहिलं आणि मैफलींसाठी ज्यांनी आगाऊ नावं नोंदवली होती त्यांची अख्खी यादी त्यात उतरवून काढली. एवढी नावं हाताने लिहून पाठवायची काय गरज होती? पण वडिलांना दाखवायचं होतं. मला तू रविवारी आकडा सांगत होतास तोही तसाच असणार, आणि मी काय विचारलं!

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी २०१५ मध्ये पाहणी केली, तर पैसे जमलेल्या प्रकल्पांपैकी साधारण नऊ टक्के लोक कबूल केलेलं शेवटपर्यंत देऊ शकले नाहीत. तू म्हणशील, मग एक्याण्णव टक्के देतात की. हो. पण त्या नवांच्या घरी मी राहिले आहे. आणि उशीर तर या कामात सर्रास होतो असं दिसतं, त्याला लोक समजून घेतात. फक्त गप्प बसू नकोस. छपाई अडली तर अडली असं लिही, नवी तारीख माहीत नसेल तर माहीत नाही असं लिही. आम्ही १४३ जणांना एक ओळसुद्धा लिहिली नाही. लाज वाटली म्हणून नाही लिहिली, आणि नाही लिहिली म्हणून लाज वाढत गेली.

व्हिडिओतली ती ओळ काढ असं मी म्हणत नाही. बाबा असते तर त्यांना ती आवडली असती, कदाचित आत जाऊन बसले असते. ठेवणार असशील तर "बंद पडलं" ऐवजी "तिसऱ्या अंकावर थांबलं" म्हण. आणि "त्रैमासिक".

पहिल्या दिवशी सकाळी माझे पैसे येतील. सुरुवातीला घरचे आणि मित्र दिसले की अनोळखी लोक धीर करतात, असं तू मागे म्हणाला होतास. पैशांच्या बदल्यात तुम्ही जे बक्षीस देता ते मात्र घेणार नाही, तसा पर्याय असतो ना? पुस्तक भेटशील तेव्हा हातात दे. पाठवू नकोस, उगाच खर्च. पॅकिंगच्या वेळी मला बोलव. पत्ते लिहायला अजून हात चांगला चालतो. तुम्ही ते छापता हे माहीत आहे, तरी चिकटवायला कोणीतरी लागेलच.

तुझी
आई

ता. क. तुझ्या पुस्तकाच्या आकाराचं, जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक घरात सापडलं. खोक्यात घालून, टेप लावून तोललं. एक किलो एकशे चाळीस ग्रॅम. ते एकशे चाळीस कुठून कमी करता येतील ते छापायच्या आधी बघ.