भूजलाच्या खारटपणाचे नकाशे आणि अर्धवट तपासण्या

संपादक महोदय,

उन्हाळा लागला की सोलापूर जिल्ह्यातल्या विहिरी-बोअरचे पाणी खारट होत चालल्याच्या बातम्या येतात आणि सोबत लाल-पिवळ्या पट्ट्यांचा नकाशा छापला जातो. असा नकाशा बहुतेक वेळा एकाच आकड्यावर काढलेला असतो, तो म्हणजे विद्युत वाहकता, ईसी. मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटरमधल्या ईसीला ०.६४ ने गुणले की लिटरमागे किती मिलीग्रॅम क्षार विरघळलेत याचा अंदाज येतो, इतकेच. क्षार आले कुठून, हे त्यावरून कळत नाही. दहा वर्षांनी काय होईल हे सांगणारे संगणकीय प्रारूप मात्र नेमके क्षारांच्या उगमावरच उभे असते.

आधी खडकाचे. आपल्याकडे दख्खनचा बेसाल्ट थरांवर थर असा पसरला आहे. वर मुरूम, मग कुठे मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा खडक), कुठे काळा पाषाण, दोन थरांच्या मध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा. एकाच रानातली ४० फुटांची विहीर आणि ३०० फुटांची बोअर वेगवेगळे पाणी देऊ शकतात. बोअरला दोन-तीन थरांचे पाणी लागले असेल तर बाटलीत त्यांची भेसळच येते. हे न पाहता पाच-सात किलोमीटर अंतरावरच्या दोन आकड्यांमधून संगणकाने गुळगुळीत रेषा ओढली, तर तो नकाशा दिसायला छान असतो, बाकी काही नाही. खोली आणि केसिंगची (बोअरमध्ये बसवलेल्या नळीची) नोंद नसलेला नमुना प्रारूपात घालूच नये.

नमुना घेतानाही घोळ होतात. पंप सुरू करून बोअरमध्ये साठलेल्या पाण्याच्या तिप्पट पाणी सोडून द्यावे, मग बाटली भरावी. सामू (पीएच), तापमान आणि बायकार्बोनेट जागेवरच मोजावे. कॅल्शियम-सोडियमसाठीची बाटली ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळून नायट्रिक आम्लाने सामू २ च्या खाली आणावी. क्लोराइड-नायट्रेटची बाटली वेगळी, आम्लाविना. हे का? जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड दबून असतो. बाटलीत तो उडतो, सामू चढतो आणि चुना तळाशी बसतो. त्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट सारख्याच प्रमाणात कमी होतात, त्यामुळे धन-ऋण भारांचा ताळा (पाण्यातल्या दोन्ही भारांची बेरीज सारखी यावी लागते) बरोबर जुळतो आणि चूक पकडलीच जात नाही.

ताळ्यातली दुसरी पळवाट याहून वाईट. सोडियम फ्लेम फोटोमीटर या यंत्रावर न मोजता ऋण भारांच्या बेरजेतून बाकीचे धन भार वजा करून काढतात. मग चूक शून्य टक्के निघणारच! प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांत पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. अहवालात प्रत्येक नमुन्याला शून्य दिसले तर शंका घ्यावी.

पूर्ण तपासणीतून काय हाती लागते, हे एका काल्पनिक विहिरीवर पाहू. लिटरमागे मिलीग्रॅममध्ये कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम ४८, सोडियम २३०, बायकार्बोनेट ३६६, क्लोराइड २८४, सल्फेट ९६, नायट्रेट ६२. मिलीइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे भारांच्या हिशेबात, दोन्ही बाजूंची बेरीज १७ च्या आसपास येते, ताळा जुळला. त्याला १०० ने गुणले की ईसी सुमारे १७००. नकाशावर ही विहीर मधल्या रंगात जाईल, कुणी दचकणार नाही. पण पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि त्यात सवलत नाही. शेतीच्या दृष्टीने पाहिले तर सोडियम शोषण गुणोत्तर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती) ५.४ आणि अवशिष्ट सोडियम कार्बोनेट (बायकार्बोनेटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा करून उरते ते) शून्याखाली, म्हणजे हे पाणी जमीन चोपण करणारे नाही. इथे जिप्समची पोती टाकून फारसा उपयोग नाही, निचरा सुधारायला हवा. सोडियमचे प्रमाण क्लोराइडच्या प्रमाणापेक्षा दोन मिलीइक्विव्हॅलंटने जास्त आहे. तो जादा भाग खडकाच्या झिजेतून किंवा काळ्या मातीतल्या अदलाबदलीतून (माती कॅल्शियम धरते, सोडियम सोडते) आलेला असू शकतो. नुसत्या आटण्याने सोडियम आणि क्लोराइडचे आपसातले गुणोत्तर सहसा बदलत नाही.

क्लोराइडचा हिशेब तर प्रत्येक ऊसपट्ट्यात व्हावा. पाटाच्या पाण्याचा ८० टक्के भाग पीक आणि ऊन घेऊन गेले, तर खाली झिरपणारे पाणी पाचपट खारे होते. त्यात म्युरेट ऑफ पोटॅश या खताच्या ५० किलोच्या एका पोत्यातून २२-२३ किलो क्लोराइड येते. पोटॅश काळी माती धरून ठेवते, क्लोराइड निसटते. एकरी एक पोते आणि वर्षाला १०० मिलिमीटर पाझर धरला तर लिटरमागे साधारण ५५ मिलीग्रॅमची भर पडते. सगळा दोष पाटावर ढकलणाऱ्यांनी हेही मांडून पाहावे.

अमेरिकी भूवैज्ञानिक संस्थेचे 'फ्रीक्यूसी' (PHREEQC) हे पाण्याच्या रसायनाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. मूळ पाणी आटवणे, चुन्याशी समतोल, मातीशी अदलाबदल, दोन थरांची भेसळ, हे सगळे त्यात करून मोजलेल्या आकड्यांशी ताडता येते. त्यानंतरच 'मॉडफ्लो'सारख्या प्रवाहाच्या प्रारूपाकडे जावे. तिथे एक सापळा आहे. गाळाच्या प्रदेशातली २० टक्के सच्छिद्रता (पाणी वाहायला मोकळी जागा) तशीच बेसाल्टला लावली तर क्षारांचा वेग दसपट कमी निघतो. आपल्या झिजलेल्या बेसाल्टमध्ये ती दोन टक्क्यांच्या आसपास धरावी लागते. उलट धुऊन निघायला मात्र हिशेबापेक्षा जास्त वर्षे लागतात, कारण भेगांलगतच्या खडकात मुरलेले क्षार हळूहळू परत बाहेर येत राहतात. पाण्याची पातळी जुळली म्हणून प्रारूप बरोबर ठरत नाही, क्लोराइडही जुळले पाहिजे. तेही जुळवणीत न वापरलेल्या, बाजूला ठेवलेल्या विहिरींवर.

म्हणून संबंधित यंत्रणांकडे मागणी एवढीच आहे : नकाशासोबत प्रत्येक विहिरीची खोली, केसिंग, नमुन्याची तारीख, सर्व आयनांचे (विरघळलेल्या भारित कणांचे) आकडे, सोडियम कसा मोजला आणि ताळ्यातली चूक किती, हा तक्ता ऑक्टोबर आणि मे अशा दोन्ही वेळांचा, तालुकावार, कुणालाही उतरवून घेता येईल अशा स्वरूपात खुला करावा. सुरुवात पंढरपूर, मोहोळ आणि माढ्याच्या कालवा भागापासून केली तरी चालेल.

– भूजल अभ्यासक, सोलापूर