गायतोंड्यांच्या चित्रात बघायचं काय?

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

वासुदेव गायतोंड्यांच्या चित्राचा फोटो बघून बाबा म्हणाले, "यात काढलंय काय?" प्रश्न रास्त आहे, पण या चित्रांना तो लागू होत नाही. रंग कुठे लावलाय आणि कुठून उचललाय, हे बघायचं.

गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. घराणं मूळचं गोव्याचं. १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. सुरुवातीच्या कामात भारतीय लघुचित्रांतली रेषा आणि सपाट रंग दिसतात, मग पॉल क्ले या युरोपीय चित्रकाराचा प्रभाव. माणसांच्या आकृत्या हळूहळू विरत गेल्या. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, म्हणून अमेरिकेनं त्यांना अमूर्त केलं असं काही जण समजतात. ते खरं नव्हे. वळण आधीच घेतलेलं होतं. झेन या बौद्ध ध्यानपंथाच्या विचारांचा ओढा मात्र खोल होता. 'अमूर्त' हा शब्दही त्यांना नको असे, आपली चित्रं वस्तुनिरपेक्ष आहेत, म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्रण नाहीत, असं ते म्हणत. वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत.

त्यांची खरी गंमत हातोटीत आहे. ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग पसरायची बोथट सुरी. पातळ तैलरंगाचे थरावर थर द्यायचे, ओल्या रंगावर कागदाचे फाडलेले तुकडे ठेवून दाबायचे आणि उचलायचे. कागदाबरोबर थोडा रंग निघतो, खालचा थर डोकावतो. चित्रातला उजेड बऱ्याचदा असा खालून येतो. वरून पांढरा फासून तो साधत नाही. छापील फोटोत हे सगळं सपाट होतं, त्यामुळे मूळ चित्रासमोर जरा बाजूला सरकून, तिरक्या उजेडात बघा.

बाबा, हात शिवशिवत असतील तर छोट्या कॅनव्हासवर करून बघा. आधी जेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात द्या. पहिला थर टर्पेंटाइननं पातळ करा, पण रंगाचं नुसतं पाणी करू नका: तेलाचा अंश फार घटला की रंगकण धरून राहत नाहीत आणि सुकल्यावर बोटाला पावडर लागते. वरच्या प्रत्येक थरात जवसाचं तेल किंचित वाढवत न्या. उलट केलंत, म्हणजे तेलकट थरावर कमी तेलाचा थर दिलात, तर वरचा आधी कडक होतो, खालचा नंतर हलत राहतो आणि भेगा पडतात. पुढचा थर देण्याआधी खालचा हाताला कोरडा लागायला हवा, नाहीतर कागद दोन्ही थर ओढून नेईल. त्याला काही दिवस लागतात. कागद कोरा घ्या, वर्तमानपत्राची शाई रंगात उतरू शकते. तो चित्रावर सुकेपर्यंत ठेवू नका, चिकटून बसतो. रोलरवर रंग बेतानं घ्या; जास्त झाला की कडेला जाड रेघा उठतात, आणि त्या पुढच्या थरातूनही दिसतात.

आई, खिडक्या उघड्या ठेवायचं काम तुझं. टर्पेंटाइनच्या वाफेनं डोकं दुखतं. आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू देऊ नकोस. सुकताना तेल तापतं आणि बोळ्यातली उष्णता कोंडून चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर एकेक चिंधी पसरून वाळवायची, तीही एकमेकींवर न ठेवता.

तुमची,
लेक