रीमास्टर म्हणजे जतन नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील जुन्या व्हिडिओ गेमवरील लेख वाचला. गाजलेले गेम नव्या चित्रांसह पुन्हा बाजारात येत (म्हणजेच रीमास्टर होत) असल्याने ते आता कायमचे टिकतील आणि एम्युलेटर (जुने गेम नव्या संगणकावर चालवणारी प्रणाली) वापरणारे सगळे चोरीचा मालच खेळतात, असे दोन निष्कर्ष त्यात काढले आहेत. मला दोन्ही पटले नाहीत.

कोणता गेम रीमास्टर करायचा हे कंपनी खपाचा अंदाज बांधून ठरवते आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु अशा निवडीतून वारसा टिकत नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील पाहणीनुसार २०१० पूर्वी त्या देशात आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. जे नव्याने येतात तेही मुळाला धरून असतातच असे नाही. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेतल्या ज्या ‘व्हाइस सिटी’साठी नाशकातल्या सायबर कॅफेत मुले तासावर पैसे मोजत असत, तिची रीमास्टर आवृत्ती नोव्हेंबर २०२१ मध्ये इतर दोन भागांसह आली, तेव्हा पावसाच्या जाड रेघांमुळे समोरचे दिसेनासे झाले, पाट्यांवरची अक्षरे बिघडली आणि गाडीतल्या रेडिओवरची काही मूळ गाणी गायब झाली. याहून खटकणारी बाब अशी की, नवी आवृत्ती येण्याआधीच कंपनीने जुन्या आवृत्त्या ऑनलाइन विक्रीतून काढून घेतल्या होत्या. ओरड झाल्यावर माफी मागून त्या परत ठेवाव्या लागल्या. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ची २०१९ ची आवृत्ती उत्तम आहे हे मान्य, पण तिच्यामुळे १९९९ ची मूळ आवृत्ती जपण्याची गरज संपत नाही.

हे काम संग्राहकांवर सोडावे, तर त्यांचेही हात बांधलेले आहेत. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेले टीव्ही गेम बहुतांशी निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या. त्यांच्या पिवळ्या कॅसेटी भद्रकालीत भंगाराच्या ढिगात आजही एखाद्या वेळी हाताला लागतात. ‘९९९९ इन १’ असे छापलेली कॅसेट उघडली की आत एक छोटी हिरवी पट्टी आणि तिच्यावर चिप झाकणारा काळ्या रेझिनचा थेंब दिसतो. ती चिप एकदा गेली की दुरुस्तीला वाव उरत नाही. (कॅसेटमध्ये फुंकर मारण्याचा आपला सर्वांचा जुना उपाय घातकच आहे, कारण तोंडातल्या ओलाव्याने संपर्काच्या पट्ट्या गंजतात, कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसणे केव्हाही बरे.) आणि कॅसेट धडधाकट असली तरी भागत नाही. बदके टिपण्याच्या ‘डक हंट’मध्ये बंदुकीचा घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन झळकतो आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक तो टिपतो. ही सगळी वेळ पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर बेतलेली आहे. एलईडी टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते, त्यामुळे नेम कितीही अचूक असला तरी बदक पडत नाही.

म्हणूनच एम्युलेटर लागतो. जुन्या यंत्राचा प्रोसेसर जसा वागत असे तसेच नव्या संगणकाला वागायला लावणारी ही प्रणाली आहे. सोनीने आपल्या प्लेस्टेशन यंत्राचा एम्युलेटर बनवणाऱ्या कनेक्टिक्स या कंपनीवर भरलेल्या खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने २००० मध्ये कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. अ‍ॅपलनेही २०२४ मध्ये आपल्या अ‍ॅप स्टोअरची दारे जुन्या गेमच्या एम्युलेटरना उघडली. आक्षेप घ्यायचाच तर तो परवानगीवाचून वाटल्या जाणाऱ्या रॉम फायलींना, म्हणजे गेमच्या संगणकीय प्रतींना घ्यावा, तिथे मी लेखकाशी सहमत आहे.

खरी अडचण आपल्या कायद्यात आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार संगणक प्रणाली कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नुकसानीपासून संरक्षण म्हणून तिची प्रत काढता येते. २०१२ च्या दुरुस्तीने बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांनाही जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवणुकीची मुभा दिली, मात्र ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असली पाहिजे, अशी अट घातली. पुस्तकाला ही अट ठीक आहे, पण जो गेम जन्मापासूनच डिजिटल आहे त्याची अशी प्रत कोणी कुठून आणावी?

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि १९४४ मध्ये नाशकातच निवर्तलेल्या दादासाहेब फाळके यांचे बहुतेक मूकपट आज पूर्ण रूपात पाहायला मिळत नाहीत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले ते १९६४ मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात वीस वर्षांनी. फाळक्यांच्या गावाने तरी गेमच्या बाबतीत इतका वेळ दवडू नये.

वरील अटीतून जन्मतः डिजिटल असलेल्या कृती वगळाव्यात, अशी मागणी ग्रंथालयांच्या संघटनांनी केंद्राकडे करावी. तोवर १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थेला एक कपाट, पिक्चर ट्यूबचा एक चालू टीव्ही आणि नाशिककरांनी माळ्यावरून काढून दिलेली यंत्रे व कॅसेटी एवढ्यावर सुरुवात करता येईल. मूळ वस्तू नुसत्या जपून ठेवायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक