हेमंतने माझं कौतुक केलं

पुणे, रविवार

प्रिय मेधा,

तुझे फोन उचलले नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते जोडलेले हात पाठवले, त्याबद्दल आधी शिव्या घालून घे. घातल्यास? आता वाच. गुडघा ठीक, शुगर काठावर, रेवा बारावीच्या नावाखाली दिवसभर दार लावून बसते. झालं तब्येतीचं.

हे फोनवर सांगता आलं नसतं. फोनवर तू लगेच ‘मग तू काय म्हणालीस?’ विचारतेस, आणि मी काहीच म्हणाले नव्हते. म्हणून तर हे पत्र.

मागच्या आठवड्यात शिवाजीनगरला कोर्टात समुपदेशकांकडे बोलावणं होतं. हेमंतचा दावा आता संमतीच्या घटस्फोटात बदलून घ्यायचं ठरलंय, एवढं तुला माहीत आहेच. ते झाल्यावर बाहेर टपरीवर दोघांनी चहा घेतला. इतक्या वर्षांची सवय, शेजारी उभं राहिलं की साखर कमी सांगायची ती मीच. तर कप हातात घेऊन म्हणाला, ‘नीला, खरं सांगू? तू पैशांचं काही काढलं नाहीस याचं मला फार बरं वाटलं. हल्ली बायका कशा तुटून पडतात बघतेस ना. तू त्यातली नाहीस. तुझा स्वाभिमान मला नेहमीच आवडला.’

आणि मी काय केलं माहितीये? दोघांच्या चहाचे पैसे दिले.

हसू नकोस. रिक्षात बसले तर दांडेकर पुलापर्यंत मला अगदी छान वाटत होतं. हा माणूस किती वर्षांनी माझ्याबद्दल बरं बोलला! पुलाच्या सिग्नलला डोक्यात उजेड पडला. ‘नीलाच्या हातच्या पुरणपोळ्या म्हणजे!’ असं म्हणून त्याने अख्खं डिपार्टमेंट जेवायला आणलं होतं आणि तू माझ्याबरोबर रात्री अकराला पुरण वाटत बसली होतीस, आठवतंय? त्याचं कौतुक नेहमी असंच आगाऊ येतं. मागून काम येतं. या वेळचं काम काय, तर गप्प बसणं.

तोवर मी खरंच मागणार नव्हते, मेधा. ‘नकोत त्याचे पैसे’ हे मी आईला, दादाला, वकीलबाईंना, सगळ्यांना सांगून बसले होते. आई खूश होती. तिच्या मते पैसे घेतले की लोक म्हणणार, त्यासाठीच सोडलं. दादाचं उलट, त्याला हेमंतला सोलून काढायचाय. तेही माझ्यासाठी नाही, लग्नात झालेल्या त्या पंगतीच्या प्रकारासाठी. काकांनी मागे ती बातमी पाठवली, सुप्रीम कोर्टात एका बाईने मुंबईत घर, 12 कोटी आणि बीएमडब्ल्यू मागितली आणि सरन्यायाधीशांनी ‘एवढ्या शिकलेल्या आहात, स्वतः कमवा’ असं सुनावलं, ती. खाली काकांचा अंगठा. मला त्यातली एकही गोष्ट नकोय, पण एम.कॉम. मीही आहे ना. तेव्हापासून जरा चोरट्यासारखं वाटत होतं, न मागताच.

आता घरी येऊन मी जुनी पासबुकं काढली. तू असतीस तर डोक्याला हात लावला असतास, पलंगभर पसारा. फ्लॅट हेमंतच्या एकट्याच्या नावावर, कारण त्याच्या पगारावर कर्ज जास्त मिळत होतं आणि ‘नावाचं काय एवढं’ हे मीच म्हणाले होते. 2009 मध्ये बुकिंगला माझ्या पाटल्या मोडल्या. चार तोळे. तेव्हा तोळा पंधरा-सोळा हजारांच्या घरात होता. पुढच्या वर्षी नोकरी सोडली तेव्हा पीएफ काढला आणि बिल्डरच्या स्लॅबच्या हप्त्यांना दिला. म्हणजे दिला हेमंतच्या खात्यात, तिथून बिल्डरला. पासबुकात एका ओळीत रक्कम, पुढे ‘ट्रान्सफर’. कशासाठी ट्रान्सफर, ते बँक लिहीत नाही आणि मीही कुठे लिहिलं नाही. त्या ओळीकडे किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. चहाचं आधण आटून गेलं.

आणि आता पाटल्यांची किंमत कुठली धरायची? तेव्हाचे साठ-पासष्ट हजार, की आजची? आज तोळा लाखाच्या वर गेलाय. हेमंत म्हणेल तेव्हाची धर, मी म्हणेन सोनं दिलं होतं, सोनं परत कर. तुझा नवरा सीए आहे, त्याला विचार काय ते. फुकट.

तुमचं गोव्याचं बरं आहे बाई. तू लग्नाच्या वेळी दोन-दोनदा सह्या करायला नेतात म्हणून किती कटकट केली होतीस, आणि कुडचड्याचा प्लॉट विकताना तुझ्या सहीवाचून अडलं तेव्हा ‘माझा अख्खा दिवस फुकट गेला’ म्हणून मला फोन केलास. अगं, तोच तुझा अर्धा हिस्सा होता! 1867 चा पोर्तुगीज कायदा, पण लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांचं निम्मं निम्मं, मागायला लागत नाही, कुणी मोठेपणाने द्यायला लागत नाही. इकडे घर ज्याच्या नावावर त्याचं. वकीलबाई सांगत होत्या, बायकोला नवऱ्याच्या घरात वाटा द्यायचं एक विधेयक आलं होतं, 2013 मध्ये राज्यसभेत मंजूरही झालं, पण लोकसभेची मुदत संपली आणि तेही बुडालं. तेव्हा इथे बाईने मागायचं, आणि मागितलं की ती ‘त्यातली’.

वकीलबाईंबद्दल सांगते. कदम बाईंची आठवण येते इतक्या फटकळ. म्हणाल्या, महिन्याची पोटगी घेऊ नका, दर महिन्याला त्याच्या तोंडाकडे बघावं लागेल आणि त्यावर करही बसतो. एकरकमी घ्या, ती उत्पन्नात धरत नाहीत. निम्मी रक्कम अर्ज दाखल करताना, उरलेल्याचा डीडी हातात पडल्याशिवाय शेवटची सही करायची नाही. आणि कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सह्या करायच्या तडजोडीच्या अटींत, ‘यापुढे कोणताही दावा करणार नाही’ असं एक वाक्य असतंच, तेव्हा आज जे सोडाल ते सुटलं म्हणून समजा. वेगळे राहायला लागून दीड वर्ष उलटलंय, त्यामुळे सहा महिने थांबायची अटही सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या निकालामुळे माफ होऊ शकते. म्हणजे विचार करायला वेळ नाही असा त्याचा अर्थ. रेवाचं वेगळं, मी काहीही सोडलं तरी तिचा बापाकडचा हक्क माझ्या सहीने जात नाही. तेवढं ऐकून मला रात्री झोप लागली.

पण खरा घोळ पुढेच आहे आणि तो तुलाच कळेल.

पोटगी मागायची तर दोघांनी आपापल्या मिळकतीचं, खर्चाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या निकालापासून ते बंधनकारक आहे. वकीलबाईंनी मला बसवून भरून घेतलं. शिक्षण लिहिलं. आधीची नोकरी लिहिली. नोकरी सोडल्याचं कारण: पतीची होसूरला बदली. तिथे मी तुझ्या नावाने दात खाल्ले. हो, तूच तेव्हा म्हणाली होतीस, सोडू नकोस, आणि त्यावरून आपण वर्षभर बोललो नव्हतो. पण म्हणून तुझं खरं झालं असं अजिबात मानू नकोस. होसूरला मी सुखात होते. रेवा तिथे चालायला शिकली. ती दोन वर्षं मी कुणालाही परत देणार नाही आणि तू ‘मी सांगत होते’ म्हणालीस तर पत्र फाडून टाक.

तर होसूरपर्यंत ठीक. मग वकीलबाईंनी विचारलं, 2012 ला पुण्यात परत आलात, मुलगी शाळेत गेली, मग नोकरी का केली नाहीत? मी पेन खाली ठेवलं.

कारण माई. त्या वर्षी सासूबाईंना पॅरालिसिस झाला आणि 2019 ला गेल्या, मधली सगळी वर्षं डावी बाजू निकामी. ते काय होतं हे तू बघितलंयस. तू आलीस की ‘मेधा, ह्या पोरीला जरा बाहेर काढ गं’ म्हणायच्या, अर्धंच तोंड हलायचं तरी बरोबर कळायचं. वकीलबाईंनी लगेच कॅल्क्युलेटर घेतला. चोवीस तासांची बाई ठेवली असती तर महिना किती, गुणिले बारा, गुणिले सात. ‘हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे,’ म्हणाल्या.

मला उठून जावंसं वाटलं. पाटल्यांचा हिशेब मी करीन, पीएफचा व्याजासकट करीन, पण माईंना आंघोळ घातल्याचे पैसे? रोज सकाळी पावडर लावून झाली की त्या माझ्या नाकाला चिमटीभर पावडर लावायच्या आणि हसायच्या. ते मी हेमंतसाठी केलं नव्हतं गं. त्याला बिल कसं पाठवू? आणि पाठवलं की वन्सं म्हणायला मोकळ्या, ‘बघ, आईचंही मीटर चालू होतं.’ त्या आधीच बोरमाळेवरून टपून आहेत. घराण्याची आहे, परत कर म्हणतात. माईंनी ती माझ्या गळ्यात घातली तेव्हा ह्याच बाई समोर परातीत कणीक मळत बसल्या होत्या! वकीलबाई म्हणतात, सासूने दिलेलं तेही तुमचं स्त्रीधनच, 1985 पासून सुप्रीम कोर्टाचं तसं म्हणणं आहे. तर बोरमाळ मी देत नाही. त्यात माझा स्वाभिमान वगैरे काही आड येत नाही, चक्क हावरटपणा आहे.

पण माईंचं नाव कागदावर घेतलं नाही तर काय दिसतं बघ. 2012 ते 2019, सात वर्षं, शिकलेली बाई घरी बसून होती. स्वतःच्या मर्जीने. हेमंतचा वकील एवढंच वाक्य वाचून दाखवेल. माईंना हिशेबात आणायचं नाही म्हणून त्या सात वर्षांत मी काहीच करत नव्हते असं लिहून द्यायचं? हे त्या दिवसापासून डोक्यात फिरतंय. भाजी चिरताना, शिकवणीच्या पोरांचे जर्नल एंट्रीचे पेपर तपासताना. एकाला चुकून दहातले अकरा दिले.

आईला विचारलं तर म्हणाली, ‘केलेलं बोलून दाखवू नये.’ तिच्याही सासूचं तिने केलं, बोलली नाही, आणि आजीच्या तेराव्याला आत्याने ‘आम्हीच होतो म्हणून’ असं सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा आई स्वयंपाकघरात पातेली आपटत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. रेवाला विचारायचं नव्हतं, पण कार्टीने दाराआडून ऐकलेलं. म्हणाली, ‘आजी असती तर तिनेच बाबांकडून वसूल केले असते.’ आणि दार लावून घेतलं.

ते मात्र खरं. माई व्यवहाराला वाघीण होत्या. दूधवाल्याचा एक खाडा सोडला नाही कधी.

तर शेवटी असं केलंय. प्रतिज्ञापत्रात एक ओळ घातली: ‘2012 ते 2019 सासूबाईंच्या आजारपणात त्यांची संपूर्ण शुश्रूषा मी केली, त्यामुळे नोकरी करता आली नाही.’ त्यापुढे आकडा नाही. वकीलबाई दोनदा म्हणाल्या, आकडा हवा. मी नाही म्हटलं. आकडे टाकले ते पाटल्यांपुढे, आजच्या भावाने, पीएफपुढे, आणि बुडालेल्या नोकरीपुढे. सगळं मिळून तीस लाख मागतेय. फ्लॅट आज कोटीच्या वर आहे, कर्ज फिटलंय. वकीलबाई म्हणतात पन्नासापासून सुरुवात करा, तीसवर यायला जागा हवी. मला ते जमत नाही, तुला माहीत आहे, गणपती पेठेत छत्रीवाल्याशी घासाघीस तू करायचीस आणि मी लांब जाऊन उभी राहायचे. तीस म्हणजे तीस.

काल हेमंतला फोन करून सांगितलं. वकिलाकरवी कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. बराच वेळ शांत. मग म्हणाला, ‘तुला कुणीतरी भरवलंय.’ कोण ते तुला कळलंच असेल. तेव्हा तुझंही नाव झालंय, अभिनंदन.

बरं, तुझं काय? सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? ईशानला बेंगळुरूला खोली मिळाली का? तुझी मुख्याध्यापिकेची मुलाखत याच महिन्यात होती ना? झाली असेल तर नुसतं हो-नाही कळव, सविस्तर नंतर ऐकीन, आत्ता माझं डोकं ठिकाणावर नाही. कोकमं संपली. आमसुलं नको, आगळ पाठव. इकडून भडंग पाठवते, दादा सांगलीहून येतोय.

आणि एक काम आहे, पत्राचं खरं कारण म्हण हवं तर. 2009 च्या दिवाळीत मी तुला पाटल्या मोडल्याचं लिहिलं होतं, सराफाने घट किती लावली यावर अर्धं पान रडले होते. सराफाची पावती माझ्याकडे नाही, ते दुकानही आता बंद झालंय. तू तर कागदाचा चिटोराही टाकत नाहीस, बिस्किटांच्या त्या डब्यात असेल. भांडणाच्या वर्षी रागाने फाडलं असशील तर तसं सांग, मी काही म्हणणार नाही. पण असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो पाठव, तारखेसकट. वकीलबाईंना बुधवारपर्यंत हवाय.

तुझी,
नीला