पालकमंत्री महोदय, एका गुरुवारी आमच्या मीटिंगला या, हारतुरे नसतील

प्रति,
मा. पालकमंत्री,
सोलापूर जिल्हा

विषय : देणगीत मिळालेल्या वस्तू सांभाळायच्या कुणी?

महोदय, स.न.वि.वि.

मी सोलापुरातल्या एका रोटरी क्लबचा अठरा वर्षांपासूनचा सभासद. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत माझं विजेच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या तारा काढून नव्या गुंडाळायचं, दुकान आहे. हात बिलं लिहायला सरावलेला आहे, पत्रं नाही. चूकभूल द्यावी घ्यावी.

आमची मीटिंग दर गुरुवारी. निरोपात साडेसात लिहिलेलं असतं, घंटा वाजते आठला दहा कमी असताना. अध्यक्षांच्या गळ्यात पट्टा. मोबाईल वाजला तर पन्नास रुपये दंड. कुणाच्या मुलीला नोकरी लागली, कुणाच्या कारखान्याला टॉवेलची मोठी ऑर्डर मिळाली, की तो आपणहून डब्यात पैसे टाकतो आणि दोन मिनिटं बोलतो. काही जण दहा मिनिटं बोलतात. मग वाढदिवस, पाहुण्यांचं भाषण, आभार, राष्ट्रगीत आणि शेवटी कडक भाकरी, शेंगाचटणी. बाहेरच्या माणसाला हा सगळा पोरखेळ वाटतो. थोडा आहेच.

पण या सगळ्यात पाच मिनिटं अशी असतात की ज्यांच्यासाठी मी अजून जातो. सचिव इतिवृत्ताची वही उघडतात आणि विचारतात, "मागच्या गुरुवारी ठरलं होतं, त्याचं काय झालं?" ज्याच्याकडे काम होतं त्याला सगळ्यांसमोर उभं राहावं लागतं. झालं असेल तर "झालं". नसेल तर खाली बघून "पुढच्या आठवड्यात करतो की". त्या खाली बघण्यात जी ताकद आहे ती कुठल्याही नोटिशीत नाही. २०१६ पासून रोटरीचा जागतिक नियम सैल झाला, महिन्याला दोन सभा घेतल्या तरी चालतं. आमच्यातही तरुण मंडळींनी तसा ठराव आणला. जुन्या लोकांनी हाणून पाडला, आणि त्या जुन्यांत मी होतो. पंधरा दिवसांनी विचारलं तर माणसाला काम आठवत नाही, आठ दिवसांनी विचारलं तर लाज वाटते.

आमच्या कामांची यादी सांगत नाही. ती आपण पदग्रहण समारंभात ऐकलेलीच असते: रक्तदान, डोळे तपासणी, शेगावहून गजानन महाराजांची पालखी मुक्कामी आली की वारकऱ्यांच्या पायांना मलमपट्टी, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत प्रथमोपचार. सांगायचं आहे ते एका पाण्याच्या यंत्राबद्दल.

पूर्व भागातली एक शाळा. नाव लिहीत नाही, कारण दोष तिथल्या बाईंचा नाही आणि त्यांनाच त्रास व्हायचा. साडेचार वर्षांपूर्वी आम्ही तिथे आरओचा प्लँट बसवला. फीत कापली, पेढे वाटले, पेपरात फोटो आला. परवा माझ्या कारागिराचा मुलगा त्या शाळेत जातो म्हणून सहज विचारलं, "पाणी कसं आहे रे?" तो म्हणाला, "काका, ते बंदच असतंय की."

दुसऱ्या दिवशी पान्हा, टेस्टर घेऊन गेलो. मुख्याध्यापिकांनी ड्रॉवरमधून लाल दोऱ्यात ओवलेली किल्ली काढून दिली. कपाटाचं कुलूप गंजलेलं, उघडायला तेल घालावं लागलं. आत गाळाचा फिल्टर, जो पांढरा असतो, तो चहाच्या चोथ्यासारखा झालेला. पंपाचं वाइंडिंग जळलेलं. तो वास मला लांबूनच आला, माझा धंदाच तो आहे. नळाच्या तोंडावर पांढऱ्या क्षाराचा खडा. आणि वर भिंतीवर आमची संगमरवरी पाटी, अध्यक्ष, सचिव, प्रकल्पप्रमुख अशा नावांची, लखलखीत. मी बाईंना विचारलं, पाटी एवढी स्वच्छ कशी? त्या म्हणाल्या, "१५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला पुसतो ना." पाटीवर तिसरं नाव माझं आहे.

शेजारी पोरं स्टीलच्या बाटल्या घेऊन टाकीच्या नळाला रांगेत उभी होती.

मेंब्रेन, दोन फिल्टर, पंप मिळून खर्च साडेनऊ हजार. एवढ्यासाठी यंत्र दोन वर्षं का पडून राहिलं? बाईंनी सांगितलं ते असं. यंत्र शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कायम वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेलंच नाही, म्हणून शाळेच्या अनुदानातून त्यावर खर्च टाकला तर लेखापरीक्षणात आक्षेप येणार. रजिस्टरला चढवायचं तर हस्तांतराचा कागद पाहिजे. तो आम्ही दिला नव्हता. आम्ही पाटी दिली होती. त्यांनी वरच्या कार्यालयात विचारलं तर तोंडी उत्तर मिळालं, "ज्यांनी दिलं त्यांना सांगा." आमच्या क्लबला पत्रही पाठवलं होतं. ते त्या वर्षीच्या सचिवांच्या फायलीत सापडलं, न उघडलेलं.

इथेच सगळी गोम आहे, साहेब. आमच्याकडे दर १ जुलैला अध्यक्ष बदलतो. नव्या अध्यक्षाला नवा प्रकल्प हवा असतो, जुन्याची झाडलोट नको असते. रोटरी हे नावच मुळी फिरतं राहण्यावरून पडलं: १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन सोबती पाळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत बसायचे. तुमच्याकडे अधिकारी बदलीवर जातो. आम्ही फिरते, तुम्ही फिरते, आणि यंत्र तेवढं भिंतीला बोल्टने पक्कं.

(जाता जाता आमची आणखी एक चूक. आरओ जितकं पाणी शुद्ध करतो त्याहून जास्त गटारात सोडतो. उजनी धरण शंभर टक्के भरलं तरी ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे आम्ही ते वाया जाणारं पाणी धरायला साधा ड्रमही ठेवला नव्हता. आता ठेवला आहे, संडासात वापरतात.)

दिलेल्या कामाच्या मागे लागणं तुम्हा-आम्हा दोघांना मिळून जमत नाही असं मात्र म्हणू नका, कारण आपण ते केलेलं आहे. पोलिओचं काम रोटरीने १९८५ साली हाती घेतलं. मी क्लबात आलो तेव्हा मोहीम जोरात होती. रविवारी बूथवर डोस आणि पोराच्या डाव्या करंगळीला शाई, एवढंच लोकांना आठवतं. खरं काम सोमवारपासून असायचं. आशाताई, अंगणवाडीच्या ताई आणि आमच्यासारखे रिकामटेकडे घरोघर जायचे. घरातल्या सगळ्या पोरांना डोस मिळाला असेल तर दारावर खडूने 'पी', एखादं राहिलं असेल तर फुली. फुलीच्या दारात परत जायचं. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एका दारात मी तीनदा गेलो. आजी मांडीवरच्या सुपात विड्या वळत बसायच्या, तेलुगूत काहीतरी म्हणायच्या आणि हात हलवायच्या. चौथ्यांदा आमच्यातल्या एका तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली मित्राला सोबत नेलं, तेव्हा कळलं की नातू मावशीकडे आहे, संध्याकाळी सातनंतर या, एवढंच त्या सांगत होत्या. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्याला पोलिओमुक्तीचा दाखला दिला. लसीचं श्रेय आहेच. मला विचाराल तर निम्मं श्रेय त्या खडूच्या फुलीचं.

शाळांमधल्या बंद यंत्रांवर, दवाखान्यांतल्या चाक निखळलेल्या व्हीलचेअरवर अशी फुली मारायला आज कुणी नाही.

आपण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आहात. माझं मागणं निधीचं नाही. एक साधं परिपत्रक निघावं: शाळेला किंवा दवाखान्याला कुठल्याही क्लबने, मंडळाने, कंपनीने वस्तू दिली, की पंधरा दिवसांत ती डेडस्टॉकला चढेल. हस्तांतराच्या कागदावर देखभाल कोण करणार आणि पैसा कुठल्या खात्यातून येणार हे लिहिलेलं असेल, आणि तेही व्यक्तीच्या नावाने न लिहिता पदाच्या नावाने, म्हणजे बदली झाली तरी जबाबदारी जाग्यावर राहील. देणाऱ्यानेही पहिल्या पाच वर्षांच्या दुरुस्तीचे पैसे वस्तूसोबतच द्यावेत. ज्याला ते परवडत नाही त्याची देणगी घेऊ नका. होय, आमचीसुद्धा. त्यामुळे उद्घाटनं कमी होतील, आपल्यालाही फिती कमी कापायला मिळतील. चालेल.

आमच्या बाजूने आम्ही सुरुवात केली आहे. गेल्या महिन्यात ठराव केला की या वर्षी नवी पाटी लावायची नाही. क्लबने दहा वर्षांत जे जे दिलं त्याची वही कोषाध्यक्ष बाई तयार करत आहेत. (स्त्रियांना रोटरीत रीतसर प्रवेश १९८९ साली मिळाला. आमच्या क्लबात हिशेब जुळायला लागले ते बाई कोषाध्यक्ष झाल्यापासून.) आतापर्यंत एकतीस वस्तू बघून झाल्या, अकरांवर फुली. त्यातल्या चार मी स्वतः दुरुस्त केल्या, मजुरी न घेता. बाकीच्या सातांना तुमच्याकडचा कागद लागणार आहे.

तेव्हा एका गुरुवारी या. प्रमुख पाहुण्यांची खुर्ची ठेवणार नाही, शाल-श्रीफळही नाही. सचिव वही उघडतील तेव्हा फक्त बसा, आणि सात नावं वाचून झाली की त्यांतल्या एकीबद्दल तरी "पुढच्या गुरुवारी सांगतो" म्हणा. आम्ही इतिवृत्तात तसं लिहून ठेवू आणि पुढच्या गुरुवारी विचारू.

त्या शाळेतलं यंत्र आता चालू आहे. किल्ली दारामागच्या खिळ्यावर लावली आहे, पोरांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.

आपला,
एक सभासद,
सोलापूर